हिंमतरावांनी लावलेला वेल

खडकी बाजारात हिंमतराव गावंड्यांचं घर विचारलंत, तर समोरचा माणूस आधी खात्री करून घेतो, "कोण, फुलपाखरूवाले का?" पूर्वी हे विचारताना आवाजात कौतुक असायचं. आता नसतं. आता पत्ता सांगून झाला की माणूस जरा थांबतो आणि म्हणतो, "काय काम काढलंत त्यांच्याकडे?" पुण्यात एवढं विचारलं की बाकीचं सगळं सांगून झालं असं समजावं.

हिंमतराव मूळचे दर्यापूरकडचे. ऐन तारुण्यात इकडे आले, दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले आणि पॅकिंग खात्यातूनच रिटायर झाले. माणूस उंच, वाळका, बोलायला कमी. त्यांच्या खात्यात एक रीत होती. कागदावर होती की नाही देव जाणे, पण माणसांच्या हाडात मुरलेली होती. ज्या पेटीवर इन्स्पेक्शनचा शिक्का पडला, ती पेटी पुन्हा उघडायची नाही. तपासणाऱ्याने तपासलं, ती त्याची जबाबदारी. पॅकिंगवाल्याने झाकण ठोकायचं आणि पेटी पुढे सरकवायची. उगाच झाकण उचलून आत डोकावणाऱ्याला तिथे कुणी शहाणा म्हणत नसे. कारखान्यात हे बरोबरच होतं. पण हिंमतरावांनी ही रीत घरीही आणली. एका डॉक्टरने औषध लिहून दिलं की दुसऱ्याला विचारायचं नाही. मुलीचं स्थळ थोरल्या भावाने पाहिलं, आता आपण चौकशी करायची नाही. एकदा एखाद्यावर भरवसा टाकला की त्याच्या शब्दावर त्यांच्या मनातला शिक्का पडायचा, आणि मग ती पेटी बंद ती बंद.

असा पक्का शिक्का त्यांच्या आयुष्यात एकाच माणसावर पडला, तो आनंदवर.

आनंद हा मच्छिंद्रचा मुलगा. मच्छिंद्र हिंमतरावांच्याच खात्यातला, शेजारच्याच क्वार्टरमधला. एक दिवस कामावरून आला, खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्याची बायको एका दवाखान्यात आयाचं काम करू लागली. तिच्या पाळ्या वेड्यावाकड्या, म्हणून शाळेतून आलेला आनंद गावंड्यांकडे जेवायला लागला. विमलाबाईंनी त्याच्यासाठी स्टीलचं वेगळं ताट आणलं आणि दुकानदाराकडून त्यावर त्याचं नाव घालून घेतलं. गावंड्यांची एकुलती एक मुलगी म्हणाली होती, माझ्या ताटावर मात्र आजोबांचं नाव आहे. ती चेष्टेने म्हणाली की खरोखर, हे कुणी विचारलं नाही.

पोरगं हुशार निघालं. शिकत शिकत फुलपाखरांच्या जनुकांवर पीएच.डी. करू लागलं. त्याला हवी होती एक उन्हाची गच्ची आणि लक्ष ठेवायला एक रिकामा माणूस. हिंमतराव तेव्हा नुकतेच रिटायर होऊन नाल्याजवळच्या कॉलनीत स्वतःच्या छोट्या घरात राहायला आले होते. गच्चीवर मच्छरदाणीच्या कापडाचे पिंजरे उभे राहिले, आत कढीपत्त्याच्या कुंड्या ठेवल्या गेल्या. कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालतं, आणि त्याच्या अळ्या पानं अशी फस्त करतात की मागे नुसती काडी उरते. विमलाबाई पोह्यांच्या फोडणीसाठी वर जायच्या आणि हात हलवत खाली यायच्या. "पीएच.डी. त्याची आणि फोडणी माझी," एवढंच म्हणायच्या.

हिंमतरावांना या विषयातलं आधी ओ की ठो ठाऊक नव्हतं. जे कळलं ते सगळं आनंदने शिकवलं, आणि त्यानेही ते मन लावून शिकवलं, हे नाकारता येणार नाही. मॉर्मनचा नर साधा, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. माद्या मात्र निरनिराळ्या निघत. काही नरासारख्याच दिसत. काहींच्या मागच्या पंखांवर पांढरा डाग आणि लाल ठिपके, थेट दुसऱ्याच एका फुलपाखरासारख्या. ते दुसरं म्हणजे कॉमन रोझ. रोझ विषारी असतं. त्याच्या अळ्या ईश्वरीच्या वेलावर वाढतात, त्या वेलाचं विष अंगात साठवतात, आणि एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या मादीत विष नाही. तिने फक्त विषारी शेजारणीचं लुगडं नेसलंय.

मग हे लुगडं आईकडून लेकीकडे अर्धंमुर्धं का जात नाही? डाग आईचा, ठिपके बापाचे, अशी खिचडी का होत नाही? हे हिंमतरावांनी विचारलं तेव्हा आनंद खूश झाला होता. सोंगाचं सगळं सामान एकाच जनुकात बांधलेलं आहे, तो म्हणाला. फार फार पूर्वी कधीतरी तेवढा तुकडा उलटा बसला. उलटा बसल्यामुळे जोडीच्या तुकड्याशी त्याची अदलाबदल होत नाही, म्हणून गाठोडं सुटत नाही, जसंच्या तसं पुढच्या पिढीत जातं. नराच्या अंगातही ते असतं, पण तो ते स्वतः कधी मिरवत नाही, फक्त लेकींना देतो. हिंमतराव पुढे कितीतरी दिवस ज्याला त्याला हे सांगत सुटले होते. दाढी करताना न्हाव्यालासुद्धा सांगितलं.

आणखी एक गोष्ट आनंदने सांगितली ती त्यांच्या मनात रुतून बसली. तो म्हणाला, "काका, सोंग कुठवर चालतं, जवळपास खरा कडू आहे तोवर. रोझ संपलं की पक्ष्यांना धडा द्यायला कुणी उरत नाही. मग हे लाल ठिपके बघून पक्षी घाबरतील कशाला?"

रोझ होतं कॉलनीच्या मागे. रेल्वे लाइनपलीकडे नाल्याला लागून एक उतार होता, काटेरी झुडपांनी भरलेला, सकाळी लोक जिथे कुत्री फिरवायला नेत. त्या झुडपांवर ईश्वरी चढलेली होती, बारीक, निमुळत्या पानांची, दिसायला अगदीच सामान्य. आसपासच्या सगळ्या भागात ती तिथेच उरली होती. ईश्वरी होती म्हणून रोझ होतं, आणि रोझ होतं म्हणून गच्चीवरच्या मॉर्मनच्या सोंगाला अर्थ होता. हिंमतराव रविवारी कॉलनीतल्या लोकांना तिथे न्यायचे. अंग लाल ते खरं रोझ, अंग काळं ती मॉर्मनची सोंगाडी, असं दाखवायचे. हळूहळू लोकांनाही त्या उताराचा अभिमान वाटू लागला. आपल्या मागे काहीतरी आहे, असं ते पाहुण्यांना सांगू लागले. आयुष्यभर पेट्या ठोकलेल्या माणसाला म्हातारपणी असा मान मिळाला तर तो त्यात रमणारच.

मग बिल्डर आला. उतार खाजगी मालकीचा होता, विकला गेला, आणि तिथे मोठी गृहसंकुलं उभी राहणार असं कळलं. कॉलनीतल्या रावसाहेबांनी पुढाकार घेतला. रावसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं कातरीसारखं. त्यांनी वकील गाठला, लोक जमवले, आणि तक्रार हिंमतरावांच्या नावाने गेली, कारण त्या उताराबद्दल बोलायचा अधिकार कुणाला असेल तर तो यांनाच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कामाला स्थगिती मिळाली. हिंमतरावांचा फोटो पेपरात आला. पुढे खटल्यात तडजोडीची वाट निघाली. बिल्डरने जवळच पर्यायी उद्यान करून द्यावं, वेली तिथे हलवाव्यात, जाणकाराने तसं लिहून द्यावं आणि तक्रारदाराची हरकत नसावी.

जाणकार म्हणून बिल्डरने आणला तो आनंदला.

आनंद आता पीएच.डी. होऊन एका संशोधन संस्थेत होता, हाताखाली विद्यार्थी होते. एक दिवस तो जेवायला आला. विमलाबाईंनी त्याला आवडते म्हणून पाटवडी रस्सा केला होता. तो बराच वेळ त्याच्या कामाविषयी बोलत राहिला, मग हळूच विषयावर आला. खटला किती वर्षं चालेल सांगता येत नाही, त्यांचे वकील मोठे आहेत. त्यापेक्षा आता हातात येतंय ते घ्यावं. ईश्वरी तो स्वतः संस्थेच्या शेडमध्ये वाढवील, तिची रोपं उद्यानात लावील, रोझ आपोआप तिकडे सरकेल. हिंमतरावांनी एकच विचारलं, "जगेल ना?" आनंद म्हणाला, "मी आहे ना, काका."

झालं. शिक्का पडला.

कॉलनीच्या बैठकीत रावसाहेबांनी बरेच आडवेतिडवे प्रश्न विचारले. बिल्डरने उद्यान केलंच नाही तर? केलं आणि चाललं नाही तर? हिंमतराव उठून उभे राहिले, म्हणाले, आनंद माझ्या घरी वाढलाय, त्याचा शब्द तो माझा शब्द. रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. तुम्ही म्हणताय म्हणून," ते म्हणाले. तक्रार मागे घेतली गेली.

उतारावरच्या वेली हिंमतरावांनी स्वतः खणून काढल्या. आनंद होता, त्याची सुमय्या नावाची विद्यार्थिनी होती. तीही खडकीचीच, तिच्या वडिलांचं बाजारात शिवणकामाचं दुकान. मुळाला माती धरून पोत्यांत भरायच्या, पोती संस्थेच्या गाडीत चढवायची. विमलाबाई तिथे चहा घेऊन गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एखादी वेल घरी ठेवा की. कुंडीत लावू." हिंमतराव म्हणाले, त्याने सगळ्या मागितल्यात, आपण मधेच कशाला काढून ठेवायची? त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. विमलाबाई रिकामे कप गोळा करून घरी गेल्या.

उतार सपाट झाला. इमारती भराभर वर आल्या. त्यांच्या मागच्या पट्ट्यात लोखंडी मांडव उभे राहिले, आणि एक दिवस ट्रक भरून वेली आल्या. पानं मोठाली, बदामाच्या आकाराची. फूल तळहाताएवढं, जांभळ्या शिंतोड्यांचं, कुणीही थांबून फोटो काढावा असं. हिंमतरावांनी आनंदला फोन केला. आपल्या ईश्वरीचं पान निमुळतं होतं, ही कोण? आनंद हसला. एकाच कुळातली आहे, ईश्वरीची मोठी बहीण समजा, तो म्हणाला. आपली रोपं अजून लहान आहेत, उद्घाटनाची तारीख ठरलीय, तोवर ही चालेल. हिंमतरावांनी फोन खिशात ठेवला आणि खुरपं हातात घेतलं. त्या सगळ्या वेली त्यांनी माळी गेनबाच्या बरोबरीने लावल्या. पुन्हा काही विचारलं नाही.

उद्घाटनाला शाल-श्रीफळ झालं. आनंदने सुरेख भाषण केलं. विकास आणि निसर्ग हातात हात घालून कसे चालू शकतात, याचं हे उदाहरण आहे, वगैरे. हिंमतरावांना त्याने स्टेजवर बोलावून आपले पहिले गुरू म्हटलं. त्या शब्दाने म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच किळस येते.

पुढच्या श्रावणात रोझ आलं. दुरून कुठूनतरी भरकटत आलेली, थोडीच. माद्या मांडवाभोवती घिरट्या घालू लागल्या आणि मोठ्या पानांखाली शेंदरी अंडी घालू लागल्या. हिंमतराव रावसाहेबांच्या घरी धावत गेले. रावसाहेब आले, त्यांनी वाकून अंडी पाहिली, आणि म्हणाले, "अभिनंदन." रावसाहेबांच्या तोंडून हा शब्द कॉलनीत पूर्वी कुणी ऐकला नव्हता.

अंडी फुटली. बारीक तांबूस काळ्या अळ्या निघाल्या, पान कुरतडू लागल्या, आणि मरू लागल्या. आधी हिंमतरावांना वाटलं मुंग्या असतील. मग त्यांना संशय आला की गेनबा फवारणी करतोय. भर बागेत ते त्या माणसाला नाही नाही ते बोलले. गेनबा मुळशीकडचा, शांत माणूस. "म्या काय बी मारलं न्हाई, काका," तो म्हणाला. "हितं औषधाचा डबा बी न्हाई. शोधा." त्यांनी खरंच शोधला, आणि सापडला नाही. त्याची माफी मागायची राहून गेली. आनंदला फोन केला तर तो म्हणाला, नवीन जागा आहे, काका, रुळायला वेळ लागतो. अळ्या पानांवर चिकटून काळ्या पडत राहिल्या. मोठी झालेली एकही दिसली नाही.

शेवटी त्यांनी काही मेलेल्या अळ्या पानासकट एका डबीत घातल्या आणि शिवणाच्या दुकानात जाऊन सुमय्याला गाठलं. तिने डबी उघडली आणि लगेच मिटली. वडिलांना सांगून ती त्यांच्याबरोबर बाहेर, दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"काका, या वेलावर त्या जगत नाहीत," ती म्हणाली. "मादीला वासावरून ही ईश्वरीच वाटते. ती पायांनी पान चाखते, आणि फसते. पण या पानातलं विष वेगळंय. छोट्या अळीला ते सोसत नाही."

हिंमतराव पटकन उठले. म्हणाले, "आनंदला हे सांगायला हवं. आत्ताच फोन लाव त्याला."

सुमय्याने फोन काढला नाही. "सरांनीच शिकवलंय आम्हाला हे," ती म्हणाली. "पहिल्याच वर्षी."

बाजारात गर्दी होती, रिक्षावाले ओरडत होते. हिंमतराव पुन्हा पायरीवर बसले. त्यांनी विचारलं, आपली खरी रोपं कुठं आहेत? ती शेडमध्येच होती, सुमय्याने सांगितलं. उन्हाळ्यात ती स्वतः परगावी परीक्षेच्या कामाला गेली होती, दुसऱ्या कुणाला पाणी घालायला सांगितलेलं नव्हतं. परत आली तेव्हा पोत्यांत वाळक्या काड्या होत्या. तिने सरांना विचारलं, तर सर म्हणाले होते, आता त्यांची गरज नाही. आधीच येऊन सांगायला हवं होतं, ती म्हणाली, पण पीएच.डी. त्यांच्याच हाताखाली आहे. हिंमतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यावर रागवायचं काही कारण नव्हतं. आनंदवरही अजून राग येत नव्हता. आली ती लाज, आणि ती इतकी जोरात आली की त्यांना कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते बसने सदाशिव पेठेत आनंदच्या घरी गेले. आनंद दारातच पाया पडला. त्याच्या बायकोने चहा आणला आणि ती आत गेली. हिंमतरावांनी डबी टेबलावर ठेवली.

"तुला ठाऊक होतं?"

आनंदने डबी उघडली नाही. कपाकडे बघत राहिला. "होतं," तो म्हणाला.

मग तो बोलायला लागला, आणि त्याला बोलता छान येतं. उतार कसाही जाणारच होता. खटला आपण हरलोच असतो, आणि मग उद्यानही मिळालं नसतं. इतकी वर्षं तो एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात हंगामी कामं करत लटकतोय. बिल्डरने नव्या इमारतीत त्याला प्रयोगशाळेसाठी जागा दिलीय, तिथून तो सह्याद्रीतल्या इतर जागांसाठी कितीतरी करू शकेल. एक छोटी जागा गेली म्हणून मोठं काम थांबवायचं का? ईश्वरी सावकाश वाढते, फूल म्हणून तिच्यात काही नाही, बिल्डरला लोकांच्या नजरेत भरेल असं काहीतरी हवं होतं.

"आणि तसं काही नष्ट झालेलं नाही, काका," तो म्हणाला. "त्या उतारावरच्या रोझचे, मॉर्मनचे, सगळ्यांचे नमुने घेतलेत मी. त्यांचा डीएनए फ्रीजरमध्ये सुरक्षित आहे."

हिंमतरावांना हे वाक्य समजायला वेळ लागला. मच्छिंद्र गेला तेव्हा त्याचा चष्मा आणि घड्याळ कारखान्यातल्या लोकांनी रुमालात बांधून आणून दिलं होतं. मच्छिंद्र सुरक्षित आहे, असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. पण हे त्याच्या मुलाला ते बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? मी पाया पडलो असतो लोकांच्या, दुसरी वेल आणली असती कुठून तरी. मला का फसवलंस?"

आनंदने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही परत विचारलंच नाहीत, काका."

खरं होतं ते. म्हणूनच ते इतकं लागलं. बाहेरच्या माणसाला ही खोड माहीत नसती, तो घाबरला असता, त्याने खोटे कागद केले असते, सतरा सबबी सांगितल्या असत्या. आनंदला काहीच करावं लागलं नाही. ज्या घरात जेवून मोठा झाला, त्या घरातला माणूस एकदा मान डोलावली की पुन्हा झाकण उचलत नाही, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. त्याने त्या एका गोष्टीवर सगळा डाव लावला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. हिंमतराव चहा तसाच ठेवून उठले. आनंद रिक्षा बोलावतो म्हणाला. ते जिना उतरून चालू लागले.

घरी आल्यावर त्यांनी विमलाबाईंना सगळं सांगितलं. मी सांगितलं होतं, असं बाई म्हणाल्या नाहीत, आणि हा त्यांचा मोठेपणा. स्वयंपाकघरात गेल्या, रॅकवरून आनंदचं ताट काढलं आणि गच्चीवर नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीखाली पाणी झेलायला ठेवलं. खाली येऊन म्हणाल्या, "जेवून घ्या."

रावसाहेबांना सांगणं जास्त जड गेलं. हिंमतराव त्यांच्या दारात उभं राहूनच बोलले. फसलो म्हणाले, आपण पुन्हा तक्रार करू म्हणाले. रावसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. इमारती उभ्या राहिल्या, आता कसली तक्रार, असं त्यांनी विचारलं. आणि मग म्हणाले, "आम्ही बिल्डरवर विश्वास ठेवला नव्हता, गावंडे. त्या पोरावरही नाही. तुमच्यावर ठेवला होता." दार त्यांनी आपटलं नाही, हलकेच लावून घेतलं.

इतके दिवस हिंमतराव स्वतःला फसवला गेलेला माणूस समजत होते. त्या दारातून परत येताना त्यांना कळलं की कॉलनीच्या हिशेबी फसवणारे तेच आहेत, आणि ते खोडून काढायला त्यांच्याजवळ काही नाही. झोपेतून उठून ते बसायचे आणि विमलाबाईंना विचारायचे, मला कळायला नको होतं का गं? पान वेगळं दिसत होतं ना मला? विमलाबाई त्यांना पाणी द्यायच्या.

बागेत मात्र माद्या येतच होत्या. ऊन पडलं की एखाददुसरी मांडवावर यायची, पानाला पाय लावून बघायची आणि विश्वासाने अंडं घालून निघून जायची. थोड्याच उरल्या होत्या, आणि उरल्या होत्या त्यांची सगळी अंडी त्या वेलावर चालली होती. वेल तिथे नसता तर निदान एखादी दूर कुठेतरी, मुळा नदीच्या काठाने, कॅन्टोन्मेंटच्या झाडीत शोधत गेली असती. कुणी सांगावं, खरा वेल सापडलाही असता तिला. इथे मात्र ती या वेलाशीच थांबत होती, पुढे जातच नव्हती. सुमय्या मुळशीकडून ईश्वरीचं बी मिळवायच्या खटपटीत होती, पण बी रुजून वेल व्हायला पुढचा पावसाळा उजाडणार होता.

म्हणून एका सकाळी, ऊन चढायच्या आत, हिंमतराव कोयता घेऊन गेले आणि त्यांनी स्वतः लावलेल्या वेली बुंध्यापासून तोडायला सुरुवात केली. गेनबा धावत आला. त्यांनी त्याला थोडक्यात सांगितलं, आणि तेव्हाच त्याची राहिलेली माफीही मागितली. गेनबा वरून वेल ओढून काढायला लागला. वॉचमनने शिट्ट्या मारल्या. संकुलातली माणसं बाल्कन्यांत आली, काही खाली उतरली. एक तरुण मुलगी मोबाइल समोर धरून म्हणाली, "अंकल, हे आमचं बटरफ्लाय गार्डन आहे. तुम्ही असं कसं करू शकता?" हिंमतरावांनी तिला समजवायचा प्रयत्न केला. हा वेल वाईट आहे, यावर पिल्लं मरतात, असं काहीसं ते धापा टाकत बोलले. पण कोयता हातात असलेल्या घामाघूम म्हाताऱ्याचं कोण ऐकतो. तो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळ्या खडकीत फिरला. फुलपाखरूवाल्यांनीच फुलपाखरांची बाग तोडली, असं त्याखाली लिहिलेलं होतं. रावसाहेबांनी तो पाहिला आणि पुढे पाठवला. आनंदने एका पेपरला सांगितलं की काकांचं वय झालंय, त्यांच्या भावना आपण समजून घ्यायला हव्यात.

पण हे सगळं नंतरचं. सकाळी शेवटचा वेल खाली आला तेव्हा लोक पांगले होते, सोसायटीचा सेक्रेटरी पोलिसांना फोन लावत होता. हिंमतराव वाफ्याच्या कडेला बसले. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या चुरगळलेल्या पानांच्या रसाने हिरव्या झाल्या होत्या. ऊन आलं होतं. रोझची एक मादी आली. मोकळ्या मांडवाभोवती फिरली, लोखंडाच्या नळीवर बसली, उडाली, पुन्हा बसली. हिंमतराव मनात म्हणत होते, जा बाई, आता जा इथून.

ती खाली आली आणि त्यांच्या बाहीवर बसली. पुढच्या पायांनी तिने कापडावर भरभर टकटक केलं. पोट वळवलं, आणि मनगटाजवळ, शिवणीवर, एक शेंदरी अंडं ठेवून उडून गेली.

गेनबा जवळ येऊन वाकून बघू लागला. "काका, अंडं हाय की हो," तो म्हणाला. "आता ह्येला खायाला काय घालायचं?"

हिंमतरावांनी हात तसाच धरून ठेवला. त्या अळीला जगवील असं एक पानही आता सबंध खडकीत नव्हतं. जी पानं होती ती त्यांनीच खणून काढली होती, मुळाला नीट माती धरून, एकही मागे न ठेवता.